हिरव्यागार लॉनचं पाणी जातं कुठे? बडोद्यात पहिल्यांदाच तपासायला निघालेल्यांसाठी

आमच्या सोसायटीच्या मागून कांस जाते. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगते, बडोद्यात पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या नाल्याला कांस म्हणतात, भुखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस अशी त्यांना नावंही आहेत, आणि हे सगळं पाणी फिरून फिरून शेवटी विश्वामित्री-ढाढर नद्यांच्या खोऱ्यातच उतरतं. तर एका जुलैमध्ये पहिला दणकून पाऊस झाला आणि चौथ्या दिवशी कांसेच्या वळणावर साचलेलं पाणी असं हिरवं झालं की कुणीतरी ऑइल पेंटचा डबा उपडा केलाय असं वाटावं. शेजारच्या काकू म्हणाल्या ड्रेनेज फुटलं असणार. मी म्हटलं नाही हो, वरच्या अंगाला ते एवढं मोठं लॉन आहे ना, त्याचं खत वाहून आलंय. पुरावा दोघींकडेही नव्हता. मी तक्रार केली, बघायला माणसं आलीसुद्धा, पण अठरा दिवसांनी, तोवर मधे दोन मोठे पाऊस होऊन सगळं धुऊन गेलेलं, कागदावर "पाणी सामान्य" असं लिहिलं गेलं आणि विषय संपला.

त्यानंतर मी हे हळूहळू शिकत गेले, काही वाचून, काही पाण्यात बाटल्या बुडवून. यासाठी केमिस्ट्रीची डिग्री लागत नाही पण क्रम पाळावा लागतो. आणि एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पक्की धरा: एका बाटलीतल्या पाण्यावरून काही म्हणजे काही सिद्ध होत नाही. लॉनच्या वरचं पाणी आणि लॉनच्या खालचं पाणी यात फरक किती, आणि खत टाकल्यानंतरच्या पावसात तो फरक वाढतो का, एवढंच आपल्याला शोधायचंय.

गोल्फ कोर्स म्हटलं की बडोदेकरांना लक्ष्मी विलास पॅलेसचं आवार आठवतं. तिथलं पाणी मी तपासलेलं नाही म्हणून त्याबद्दल इथे एक अक्षर लिहिणार नाही. पण खालची पद्धत कुठल्याही मोठ्या लॉनला लागू पडते, गोल्फ कोर्स असो, पार्टी प्लॉट असो, फार्महाऊस असो, क्रिकेटचं ग्राउंड असो, नाहीतर तुमच्या स्वतःच्या सोसायटीचा बगीचा असो.

पायरी १: आधी ते गवत समजून घ्या

आपल्याकडच्या बहुतेक गोल्फ कोर्सवर बर्म्युडा गवत असतं. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच, गणपतीला दूर्वा वाहतो ती, गुजरातीत ध्रो. गोल्फवाले बहुधा तिच्या बुटक्या संकरित जाती लावतात, त्यातल्या टिफड्वार्फ, टिफग्रीन वगैरे अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला तयार झाल्या, नावात "टिफ" आलं ते तिथूनच. रानातली हरळी काहीही न घालता वाढते, पण तीच रोज कापून तीन-चार मिलिमीटरवर ठेवायची म्हटली, आणि त्यावर दिवसभर माणसं चालणार, तर तिला सतत खायला-प्यायला घालावं लागतं. इथून सगळी गोष्ट सुरू होते.

अठरा होलचं पूर्ण मैदान साधारण शंभर ते दीडशे एकरांचं असतं. पण सगळीकडे सारखं खत पडत नाही हे नवीन माणसाला माहीत नसतं. जिथे छिद्र आणि झेंडा असतो ते "ग्रीन" आणि जिथून पहिला फटका मारतात ती "टी", या छोट्या तुकड्यांना सगळ्यात जास्त खत आणि औषध मिळतं, मधल्या लांब पट्ट्याला म्हणजे फेअरवेला त्याहून कमी, आणि कडेच्या रफला अगदी थोडं. त्यामुळे "शंभर एकर विषारी" असलं काही लिहू नका, वाचणारा जाणकार असला तर पहिल्या ओळीतच तुमचं पत्र बाजूला ठेवेल.

ग्रीनच्या पोटात काय असतं तेही बघा. नीट बांधलेल्या ग्रीनमध्ये वर साधारण ३० सेंटीमीटर रेतीचा थर असतो, त्याखाली १० सेंटीमीटर खडी आणि तिच्याखाली निचऱ्याचे पाइप. अमेरिकन गोल्फ संघटनेनं १९६० साली ही पद्धत छापली आणि पुढे ती जगभर गेली. रेतीत पाणी थांबत नाही, खतही फारसं थांबत नाही, दोन्ही पाइपात उतरतात आणि पाइपाचं तोंड बहुतेक वेळा जवळच्या तळ्यात नाहीतर नाल्यात उघडतं. म्हणजे जमिनीवरून एक थेंब वाहताना दिसला नाही तरी पाणी चाललेलं असतं.

आता नायट्रोजन आणि फॉस्फरस. हे दोघे वेगवेगळ्या वाटेने जातात आणि हा फरक कळला की पुढचं अर्धं काम सोपं होतं. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, मातीत काही दिवसांत त्याचं नायट्रेट होतं, नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळतं आणि मातीला चिकटत नाही, म्हणून ते खाली झिरपतं, निचऱ्याच्या पाइपातून निघतं, विहिरी-बोअरपर्यंत पोचतं, आणि दिसायला पाणी अगदी काचेसारखं स्वच्छ असतं. फॉस्फरस उलटा. तो मातीच्या कणांना धरून बसतो आणि माती वाहिली की तिच्याबरोबर जातो, म्हणजे गढूळ लोंढ्यातून. डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट या खताच्या गोणीवर १८-४६ लिहिलेलं असतं त्यातला ४६ म्हणजे फॉस्फेटचा आकडा. मोठ्या पावसाआधी डीएपी टाकलं असेल आणि गवत विरळ असेल तर पहिल्या लोंढ्याबरोबर चाललं तळ्यात. आणि गोड्या पाण्यात बहुतेक वेळा शेवाळाला अडवून धरलेलं असतं ते फॉस्फरसच्या टंचाईनंच, ती टंचाई संपली की शेवाळ सुटतं. त्याला लागतोही किती कमी, लिटरमागे मिलिग्रॅमचे तीन-चार शतांश फॉस्फरस झाला तरी तळं हिरवं व्हायला पुरतो.

हे पण सांगायलाच हवं की दाट, निरोगी गवत पाणी आणि माती उघड्या जमिनीपेक्षा किंवा नांगरलेल्या शेतापेक्षा चांगली धरून ठेवतं. नीट सांभाळलेल्या गोल्फ कोर्सवरून फार कमी नायट्रेट बाहेर जातं असंही मोजमापांत दिसलेलं आहे. त्रास होतो तो ठरावीक चुकांमुळे: पावसाच्या तोंडावर खत, पाण्याच्या अगदी काठापर्यंत कापलेलं गवत, औषधाचा पंप नाल्याशेजारी धुणं, कापलेलं गवत काठावर ढीग करून टाकणं, आणि नवीन मैदान बांधताना महिनोन्महिने उघडी पडलेली माती.

पायरी २: पाऊस पडत असताना छत्री घेऊन फिरा

नकाशा मोबाइलवर मिळतो, उतार कुठे आहे ते सॅटेलाइटच्या फोटोत बऱ्यापैकी कळतं, पण खरं कळतं ते भर पावसात. सार्वजनिक रस्त्यावरून, कंपाउंडच्या बाहेरून फिरा, भिंतीला पाण्यासाठी भोकं कुठे ठेवलीयत, पाइपाची तोंडं कुठे आहेत, रस्त्याचं पाणी कुठे मिसळतं, कुठल्या सोसायटीची गटार लाइन मधेच येऊन मिळते, सगळं कागदावर काढा. आत शिरायचं नाही. परवानगीशिवाय आत जाऊन घेतलेल्या बाटलीमुळे पुढे तुमच्याच अंगावर येतं.

कागदावर तीन खुणा करा. पहिली लॉनचं पाणी मिसळायच्या आधी, दुसरी जिथे ते बाहेर पडतं तिथे, तिसरी थोडं खाली, जिथे दोन्ही पाणी नीट एकजीव झालंय. पहिली आणि तिसरी खूण यांच्यामध्ये दुसरं काही येऊन मिळत असेल, एखादं गटार, गोठा, कारखान्याचा पाइप, तर ती जागा बाद, दुसरी शोधा नाहीतर त्या पाण्याचीही वेगळी बाटली भरा.

पायरी ३: मगर

हे वाचून सोडून देऊ नका. विश्वामित्रीत मगरी आहेत हे प्रत्येक बडोदेकराला माहीत आहे, पण त्या कांसेत, तळ्यात, कोतरांत म्हणजे नदीकाठच्या घळींतही येतात हे पाणी तपासायच्या नादात विसरायला होतं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांमध्ये शिरल्या होत्या. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या काठावर अंडी घालतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला पिल्लं बाहेर येतात, म्हणजे नेमकं आपल्याला नमुने घ्यायचे असतात तेव्हाच मादी जवळपास असते आणि चिडलेली असते.

म्हणून पाण्यात पाय घालायचा नाही, काठावर उकिडवं बसायचं नाही, पहाटे-संध्याकाळी एकट्याने जायचं नाही. नमुना पुलावरून किंवा कठड्यावरून दोरीला बांधलेल्या छोट्या बादलीनं घ्यायचा. जिथे पूल नाही तिथे लांब बांबूच्या टोकाला बाटली बांधायची आणि तेही काठापासून दूर उभं राहून. जमत नसेल तर ती जागा सोडा. हातात रबरी ग्लोव्हज हवेतच, कांसेच्या पाण्यात काय काय असतं ते वेगळं सांगायला नको.

पायरी ४: सामान

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ते मोजायचा मीटर काहीशे रुपयांत मिळतो, पाणी आम्ल की अल्कली ते सांगणाऱ्या पीएचच्या पट्ट्या त्याहून स्वस्त. माशांच्या दुकानात म्हणजे ॲक्वेरियमवाल्याकडे नायट्रेट, अमोनिया, फॉस्फेट यांची थेंब टाकून रंग बघायची किट मिळतात, सुरुवातीला ती पुरतात. एक थर्मामीटर, एक आइसबॉक्स, धुतलेल्या एक लिटरच्या प्लास्टिक बाटल्या, न पुसला जाणारा मार्कर, वही.

पाणी किती गढूळ ते बघायला २० सेंटीमीटरची गोल तबकडी लागते, तिचे चार भाग करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवायचे, मधे भोक पाडून दोरी आणि खाली वजन. मी जुनी स्टीलची थाळी रंगवून केलीय. पुलावरून तळ्यात सोडायची आणि दिसेनाशी होते तिथली दोरी मोजायची. महिनाभर आठवड्यातून एकदा हे केलंत तर तळ्याची तब्येत कुठल्या दिशेला चाललीय ते आकड्यात दिसतं.

किटबद्दल दोन गोष्टी ज्या पाकिटावर ठळक लिहिलेल्या नसतात. काही किट "नायट्रेट" मोजतात तर काही "नायट्रेटमधला नायट्रोजन", दोन्हींत ४.४३ पटीचा फरक असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, तीच नायट्रोजनच्या भाषेत साधारण १० होते, आणि ही गल्लत करून लोक एकतर घाबरतात नाहीतर उगाच निर्धास्त राहतात. ही मर्यादा मुख्यतः सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी जपायची असते, जास्त नायट्रेटच्या पाण्यावर दूध केलं तर बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटते आणि बाळ निळं पडतं, आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही. लॉनच्या शेजारी बोअर असेल आणि घरात तान्हं बाळ असेल तर बाकी सगळं राहू दे, आधी त्या बोअरचं पाणी तपासून घ्या.

दुसरी गोष्ट, बऱ्याच फॉस्फेट किटला लिटरमागे पाव मिलिग्रॅमच्या खालचं काही कळतच नाही, आणि तळं हिरवं व्हायला त्याच्या निम्मंसुद्धा लागत नाही. किटवर शून्य आलं म्हणून फॉस्फेट नाही असं लिहू नका, त्यासाठी लॅबच लागते.

पायरी ५: वेळ

माझा सगळा पहिला वर्षभराचा खटाटोप वेळेमुळे वाया गेला. मी रविवारी सकाळी जायचे कारण मला रविवारी वेळ असायचा. पाऊस काही माझ्या रविवारसाठी थांबत नाही.

आधी कोरड्या दिवसांत, मे अखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला दोन-तीन वेळा तिन्ही खुणांवर मोजून ठेवा. मग पहिला मोठा पाऊस, जमलं तर पाणी वाहायला लागल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात, कारण जमिनीवर साठलेलं सगळं त्या पहिल्या लोंढ्यातच सगळ्यात जास्त येतं. मग दुसऱ्या दिवशी, कारण निचऱ्याच्या पाइपातलं नायट्रेट मागाहून येतं. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी साचलेल्या पाण्यात शेवाळ बघायला. वीज कडाडत असेल तर घरी बसा, पुढचा पाऊस येतोच.

तळं असेल तर आणखी एक स्वस्त युक्ती. एकाच दिवशी उजाडल्यावर आणि दुपारी तीनला असा दोनदा पीएच बघा. शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून दुपारी पीएच चढतो आणि रात्रीत परत उतरतो. सकाळी पीएच ७.५ आणि दुपारी ९ असं काही आलं तर पाण्यात शेवाळ जोरात आहे, डोळ्याला अजून तितकं हिरवं दिसत नसलं तरी. अशा तळ्यात पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो आणि मासे पहाटे मरतात ते त्यामुळे. लोक म्हणतात रात्री कुणीतरी विष टाकलं, दर वेळी तसं नसतं.

पायरी ६: बाटली भरणं

बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. तवंग येऊ नये म्हणून पाण्याच्या पृष्ठभागाच्या वीतभर खालचं पाणी घ्या, तळाचा गाळ ढवळू नका. खालच्या खुणेपासून सुरू करून वर जा म्हणजे तुमच्याच हालचालीनं उठलेला गाळ पुढच्या नमुन्यात येणार नाही. लगेच बर्फात ठेवा आणि २४ तासांच्या आत लॅबला द्या. बाटलीवर जागा, तारीख, वेळ, पाऊस कधी थांबला, कुणी घेतलं, सगळं तिथेच लिहा, घरी येऊन लिहू म्हटलं की तीन बाटल्या सारख्याच दिसतात. प्रत्येक वेळी बाजारातल्या सीलबंद पाण्याचाही एक नमुना त्याच किटने बघा, त्यात नायट्रेट चढलेलं आलं तर किट जुनं झालंय किंवा चंचुपात्र नीट धुतलेलं नाही.

कीटकनाशकं घरी मोजता येत नाहीत. ती काचेच्या गडद बाटलीत द्यावी लागतात, खर्च बराच येतो, आणि लॅबला "सगळी औषधं बघा" असं म्हणून चालत नाही, नावं द्यावी लागतात. पावसाळ्यात बुरशीसाठी, हुमणी आणि लष्करी अळीसाठी फवारणी होते, तेव्हा कुठलं औषध वापरलं ते कळलं तरच पैसे खर्च करा. काही औषधं माशांना फार जहाल असतात, क्लोरोथॅलोनिल हे बुरशीनाशक त्यातलंच. आणि पक्ष्यांचं म्हणाल तर डायझिनॉन हे कीटकनाशक गोल्फ कोर्सवर चरणारी बदकं आणि हंस मेल्यामुळे अमेरिकेनं १९८८ साली अशा मैदानांवर बंद केलं होतं, शेतीत मात्र ते पुढेही चालू राहिलं.

पायरी ७: खत की ड्रेनेज?

सगळ्यात जास्त चूक इथे होते. इथे घाई केलीत तर चोर सोडून संन्याशाला फाशी.

पाऊस नसताना, अगदी जानेवारीतसुद्धा कांसेत पाणी वाहतंय का? मग ते बहुधा सांडपाणीच आहे. सकाळी सात ते दहामध्ये पाणी वाढतं, फेस येतो, वास येतो, अमोनिया जास्त आणि नायट्रेट कमी, तर ड्रेनेज. पावसानंतरच वाढतं, वास नाही, अमोनिया कमी आणि नायट्रेट जास्त, लॉनच्या वर नाही आणि लॉनच्या खाली आहे, तर खताचा संशय घ्यायला जागा आहे. लॅबमध्ये विष्ठेतले जंतू म्हणजे फीकल कॉलिफॉर्मही बघून घ्या, रासायनिक खतात ते नसतात. अंघोळीच्या पाण्यासाठी आपल्याकडचा निकष १०० मिलिलिटरला जास्तीत जास्त २५००, इष्ट ५०० असा आहे, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, आणि बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जंतू जेवढा ऑक्सिजन खातात तो, ३ किंवा कमी.

एक गुंता आहे. बऱ्याच ठिकाणी लॉनला एसटीपीचं म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं शुद्ध केलेलं सांडपाणी देतात, आणि ते चांगलंच आहे, पिण्याचं पाणी वाचतं. पण त्या पाण्यात मुळातच नायट्रोजन-फॉस्फरस असतो आणि माळी वरून नेहमीचं खतही टाकत असेल तर जेवण दुप्पट होतं. अशा ठिकाणी पाऊस नसतानाही नायट्रेट दिसू शकतं. त्यामुळे लॉनला पाणी कुठलं देतात हे विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

शेवाळाचं पण बघा. काडी घालून उचललं की धाग्यासारखं लोंबतं ते साधं हिरवं शेवाळ. काडीला रंगासारखं माखलं जातं ते निळं-हिरवं असू शकतं, ते विषारी असू शकतं, आणि गुरं किंवा कुत्री ते पाणी प्यायल्यानं मरतात. काचेच्या बरणीत पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा, हिरवा थर वर तरंगला तर जास्त संशय. मग हात लावू नका आणि आसपास गुरं आणणाऱ्यांना त्याच दिवशी सांगा.

पायरी ८: हिशोब

फक्त "नायट्रेट वाढलं" म्हटलं तर समोरचा म्हणतो किती वाढलं, थोडंसंच ना. म्हणून किलोमध्ये सांगा. कांसेच्या सरळ भागात दहा मीटर मोजा, वरून एक लिंबू सोडा, किती सेकंदात पोचतं बघा. समजा २५ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला ०.४ मीटर. वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात पळतं म्हणून ०.८ ने गुणा, ०.३२ आलं. रुंदी एक मीटर, खोली २० सेंटीमीटर, तर सेकंदाला ६४ लिटर पाणी चाललंय. आता समजा वरच्या खुणेवर नायट्रेट ८ आणि खालच्या खुणेवर १४, फरक ६ मिलिग्रॅम. गुणाकार केला की तासाला साधारण १.४ किलो नायट्रेट निघतं, नायट्रोजनमध्ये जवळपास ३१० ग्रॅम, युरियात सांगायचं तर तासाला पावणेसातशे-सातशे ग्रॅम. ४५ किलोच्या गोणीतून तासाला एवढा युरिया फुकट वाहून चाललाय हे ऐकलं की लॉनवाल्याचे पण कान टवकारतात, पैसे त्याचेच आहेत.

खोली दोन-तीन ठिकाणी काठीने मोजून सरासरी घ्या, तीही पुलावरून.

पायरी ९: माळीकाकांशी बोला, आणि आदराने बोला

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त बदल इथून झालाय. मैदानावर काय आणि कधी पडतं ते मॅनेजरपेक्षा माळ्याला जास्त माहीत असतं, आणि त्याला कुणी कधी विचारलेलं नसतं. "काका, खातर क्यारे नाख्युं? दवा छांटी?" म्हणजे खत कधी टाकलं, औषध फवारलं का, एवढं सरळ विचारलं तरी ते सांगतात. त्यांनी मला दाखवलं की फवारणीचा पंप जिथे भरतात आणि धुतात ती मोरी थेट कांसेत जाते. मैदानावर शिंपडलेलं औषध हेक्टरभर पसरतं, मातीत मुरतं, उन्हात विरतं, पण पंप धुतलेलं पाणी एकाच जागेवरून, एकाच वेळी आणि घट्ट जातं. एवढीशी मोरी, पण मला वाटतं आमच्या कांसेला सगळ्यात जास्त धोका तिचाच होता. आणि तो पंप धुणारा माणूस हातमोज्यांशिवाय धूत होता, आधी त्याची काळजी वाटली पाहिजे.

मागायचं काय ते नेमकं मागा. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर आधीचे दोन दिवस खत नाही. एकदम खूप टाकण्याऐवजी थोडं-थोडं आणि हळू विरघळणारं. माती तपासून फॉस्फरस पुरेसा निघाला तर डीएपी बंद. अमेरिकेत मिनेसोटा राज्यानं २००५ पासून घरच्या लॉनवर फॉस्फरसचं खत राज्यभर असंच अडवलंय, मातीत कमी असल्याचं तपासणीत दिसलं किंवा लॉन नवीन असलं तरच टाकता येतं. कापलेलं गवत काठावर नाही, कंपोस्टमध्ये. पंप धुतलेलं पाणी मोरीत नाही, ते परत लॉनवरच फवारून संपवायचं. आणि पाण्याच्या काठाने पाच-दहा मीटरचा पट्टा न कापता, खत न घालता ठेवायचा. त्या पट्ट्यात वाळा लावा, त्याची मुळं सरळ खोल जातात, माती धरतात आणि नायट्रेट-फॉस्फेट खातात. अगदी ओल्या जागी कर्दळ लावली तर फुलंही मिळतात, खेळायला येणाऱ्यांनाही ती आवडतात.

आमच्या वरच्या लॉनवाल्यांनी मोरीचं तोंड बंद करून खड्डा केला आणि वाळ्याचा पट्टा लावला. कुठली जागा ते लिहीत नाही, त्यांनी शब्द पाळलाय. पट्टा धरायला दोन पावसाळे गेले, पहिल्या वर्षी आकड्यांत काहीच फरक नव्हता आणि मी फार निराश झाले होते, म्हणून आधीच सांगून ठेवते.

पायरी १०: ऐकलंच नाही तर

गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बडोद्याच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी अर्ज द्या, एक प्रत कॉर्पोरेशनला, दोन्हींवर पोच घ्या. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २४ प्रदूषण करणारी वस्तू प्रवाहात सोडायला मनाई करतं, त्याचा उल्लेख करा. तुमच्या बाटलीतला नमुना कोर्टात पुरावा धरला जात नाही, कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्यानं रीतसर घेतलेला नमुनाच धरतात. मग आपण एवढा उपद्व्याप का करायचा? तर अधिकाऱ्यानं कुठे आणि कधी यायचं हे सांगण्यासाठी. अर्जात "पाणी खराब आहे" असं नका लिहू. लिहा की अमुक पाइपाच्या तोंडाशी, मोठ्या पावसानंतर पहिल्या तासात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना घ्यावा, सोबत मागच्या चार पावसांचे तिन्ही खुणांवरचे आकडे जोडलेत. माझ्या पहिल्या अर्जात हे एक वाक्य असतं तर ती अठरा दिवसांनंतरची फेरी झालीच नसती.

उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. गुजरातमध्ये अर्जाची फी २० रुपये, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विचारा की तक्रारीवर नमुना कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या जागेवर घेतला आणि लॅबच्या अहवालाची प्रत द्या. आकाशातलं हवामान त्या तारखेला कसं होतं ते तुमच्या वहीत असेलच. त्यापुढे कलम ४९ आहे, मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः कोर्टात तक्रार करू शकतो, पण तिथवर वकिलाशिवाय जाऊ नका.

वहीचं पान कसं असावं ते विचारतात म्हणून माझं एक देते, तसंच आखून घ्या: तारीख, पाऊस सुरू आणि बंद झाल्याची वेळ, खत शेवटचं कधी पडलं (माळीकाकांकडून), खूण १-२-३ प्रत्येकी टीडीएस, पीएच, नायट्रेट, अमोनिया, फॉस्फेट, लिंबाचे सेकंद, पाण्याचा रंग आणि वास, सीलबंद पाण्याचा आकडा, बरोबर कोण होतं, मगर दिसली का. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका, नाही दिसली तर "नाही" लिहा, दुसऱ्या दिवशी तिथे कोण जाणार आहे त्याला ते बघायचं असतं.